उजव्या हातातला होकार

अर्धांगवायूचा झटका आल्यावर अण्णांकडं एकच शब्द उरला, 'व्हय'. अण्णा म्हणजे माझे वडील. जेवलात का म्हटलं तर व्हय, उपाशी आहात का म्हटलं तरी व्हय. माझी थोरली बहीण, अक्का, बेंबळीहून धावत आली तेव्हा तिनं विचारलं, "मला वळखलं का अण्णा?" ते म्हणाले, "व्हय." अक्काच्या डोळ्यांना धार लागली. मी तिथंच उभा होतो. मला खात्री करून घ्यायची होती, म्हणून मी विचारलं, "अण्णा, ही कुणी परकी बाई आहे ना?"

"व्हय," अण्णा तितक्याच मायेनं म्हणाले.

अक्का माझ्याकडं वळली. "कशाला इचारलंस तसलं? मला वळखलंय त्यांनी. तेवढं तरी राहू द्यायचं माझ्याकडं."

डॉक्टरांनी नंतर समजावून सांगितलं. झटका मेंदूच्या डाव्या बाजूला होता, त्यामुळं अंगाची उजवी बाजू गेली आणि भाषाही गेली. सकाळी अक्कानं बुद्धवंदना सुरू केली की अण्णा तिच्याबरोबर त्रिसरण, पंचशील सबंध म्हणत, कुठंही न अडखळता. वंदना संपली की पुन्हा 'व्हय'. पाठ असलेलं मेंदूत दुसरीकडं राहतं म्हणे. पण आम्हाला रोज सकाळी वाटायचं की आता पुढचं वाक्य त्यांचं स्वतःचं येईल. ते कधी आलं नाही.

अण्णा वीज मंडळात लाईनमन होते. त्र्याण्णवच्या भूकंपानंतर सास्तूरकडं खांब उभे करायला गेले ते कित्येक दिवस घरी आले नव्हते, आणि आले तेव्हा कुणाशी बोलले नव्हते. खांबावर चढणाऱ्याचे हात बघू नयेत, पाय बघावेत, असं ते नव्या पोरांना सांगायचे. घरातलं काहीही ठरवायचं असलं की ते ओसरीवर बसून एकटेच विचार करत आणि मग एका वाक्यात सांगत. आमच्या शेजारचे एक काका अडचण आली की तुळजापूरला जाऊन चिंतामणीच्या गोल दगडावर हात ठेवून प्रश्न विचारत. दगड उजवीकडं वळला तर हो, डावीकडं वळला तर नाही. अण्णा त्यांना विचारायचे, "दगड वळतो का तुमीच वळवता?" काका म्हणायचे, "तारंत करंट दिसतो का लाईनमनसाहेब? न्हाय ना? मग गप बसा." दोघं हसायचे आणि चहा प्यायचे.

अशा माणसाचं आता आम्ही ठरवणार होतो.

साखर त्यांना जुनीच होती. उजव्या पायात जाणीव राहिली नव्हती, आणि तो पाय पलंगाच्या लोखंडी कडेला घासत राहिला. त्यांचे मोजे मी बदलायचो, पण टाच उलटून कधी पाहिली नाही. वास यायला लागला तेव्हा पाहिली. दवाखान्यात नेलं तोवर घोट्यापर्यंत काळं चढलं होतं. डॉक्टर म्हणाले, "गुडघ्याखाली काढावा लागेल. नाही काढला तर विष अंगात पसरेल आणि ते जातील. काढला तरी या वयात, या साखरेला, मी भरवसा देत नाही. घरचे मिळून ठरवा."

बाहेरच्या बाकावर अक्का म्हणाली, "अण्णांना बोलता आलं असतं तर न्हाय म्हणले असते."

"तुला काय माहीत?"

"मग तुला काय माहीत?"

"म्हणूनच त्यांना विचारू."

"इचार की. ते व्हयच म्हणणार."

तिचं बरोबर होतं. माणसाकडं एकच उत्तर असलं तर त्याला प्रश्न विचारण्यात अर्थ नसतो.

मी इथल्या एका महाविद्यालयात संगणकशास्त्र शिकवतो. त्याच आठवड्यात मी तिसऱ्या वर्षाला लॅम्डा कॅल्क्युलस शिकवत होतो. दवाखान्यातून थेट वर्गात जायचो आणि वर्गातून थेट दवाखान्यात. हा विषय मुलांना वैताग देतो, कारण त्यात काहीच नसतं. आकडे नाहीत, अक्षरं नाहीत, खरं-खोटंही नाही. आहे ते एवढंच: एक फलन, म्हणजे एखादी गोष्ट घेऊन तिच्या बदल्यात दुसरी देणारी कृती. अशा नुसत्या देण्या-घेण्यातून सगळं उभं करायचं. मुलं विचारतात, सर, 'खरं' हा शब्दच नसेल तर खरं म्हणायचं कसं?

मी फळ्यावर लिहितो आणि सांगतो: खरं ही वस्तू नाही, ती निवड आहे. ज्याला दोन गोष्टी दिल्या आणि जो पहिली ठेवून दुसरी सोडतो, तो 'खरं'. जो दुसरी ठेवून पहिली सोडतो, तो 'खोटं'. यापेक्षा जास्त काही लागत नाही. 'नाही' म्हणायचं असेल तर त्याच निवडणाऱ्याला त्याच दोन गोष्टी उलट्या क्रमानं द्यायच्या. 'आणि' करायचा असेल तर पहिल्यापुढं दुसऱ्याचं उत्तर आणि 'खोटं' अशा दोन गोष्टी ठेवायच्या. पहिला खरा असला तर तो दुसऱ्याचं उत्तर ठेवतो, खोटा असला तर तिथंच सगळं खोटं होतं.

एक मुलगा म्हणाला, "म्हंजे सर, दोन स्थळं दाखवली आणि पोरगं कायम पहिल्यालाच पसंत म्हणतंय, तो ट्रू?"

"हो."

"आन् दुसऱ्याला म्हणणारा फॉल्स?"

"हो."

मागून एक मुलगी म्हणाली, "सर, आणि आईला विचारून सांगतो म्हणणारा?" वर्ग हसला. मीही हसलो. दवाखान्यात गेल्यापासून बहुतेक पहिल्यांदा हसलो असेन.

मग त्याच मुलीनं दुसरा प्रश्न विचारला. "सर, पण तो ट्रू बघून निवडतो का? दोन्ही गोष्टी आत काय आहेत ते बघून?"

"नाही," मी म्हणालो. "तो बघत नाही. त्याला कळतही नाही समोर काय आलं ते. तो नुसता पहिलं उचलतो."

हे मी स्वतःच्या तोंडानं सांगितलं. मला उत्तर माहीत होतं. तास संपला, मी खडू खिशात टाकला आणि गाडीवरून दवाखान्याकडं निघालो. वाटेत मला वाटलं की मला अण्णांशी बोलायची युक्ती सापडली. भाषा गेली तर जाऊ दे. हो-नाही हे शब्द गेले तर जाऊ देत. त्यांच्यापुढं दोन गोष्टी धरायच्या आणि निवडू द्यायचं. निवड हीच त्यांची भाषा. मला इतका आनंद झाला की सोलापूर रस्त्यावर एका ट्रकखाली जाता जाता वाचलो.

पुठ्ठ्याचे दोन तुकडे घेऊन मी दोन चित्रं काढली. एकात उजवा पाय गुडघ्याखाली नसलेला माणूस खुर्चीत बसलाय, अंगणात ऊन आहे, शेजारी चहा आहे. दुसऱ्यात माणूस पलंगावर झोपलाय, पाय दोन्ही आहेत, एक काळा आहे. आज ती चित्रं डोळ्यांपुढं आणली की मला स्वतःचीच लाज वाटते. एका चित्रात मी ऊन काढलं होतं, चहा काढला होता. दुसऱ्यात जे व्हायचं ते काढायची माझी छाती झाली नव्हती. पण त्या वेळी ते मला दिसलं नाही.

अण्णांसमोर स्टूल घेऊन बसलो. होकार उजव्या हातात धरला. याचा मी विचारही केला नाही. आमच्या घरी देवाला कौल लावत नसत, पण देणं-घेणं उजव्या हातानंच. लहानपणी डाव्या हातानं काही पुढं केलं तर अण्णाच हातावर चापट मारायचे. तेव्हा चांगलं ते उजव्या हातात, हो ते उजव्या हातात.

आधी युक्ती तपासून घेतली. शिक्षक आहे मी, न तपासता कसं चालेल. एका पुठ्ठ्यावर बरोबरची खूण काढली, एकावर फुली. बरोबर उजव्या हातात, फुली डाव्यात. विचारलं, "अण्णा, मी तुमचा मुलगा आहे?" त्यांनी आपला डावा, चालता हात उचलून बरोबरच्या खुणेवर टेकवला. "आपण धाराशिवला राहतो?" बरोबर. "तुम्ही लाईनमन होता?" बरोबर. एकेका उत्तराला मी स्टूल आणखी पुढं ओढत होतो. अक्का दारात उभी राहून बघत होती. तिच्याही चेहऱ्यावर काहीतरी उमललं होतं.

तेवढ्यात नर्स इंजेक्शनचा ट्रे घेऊन आली. मी गमतीनं विचारलं, "अण्णा, सुई पाहिजे का?" त्यांनी बरोबरच्या खुणेला हात लावला. सुईला अण्णा जन्मभर घाबरायचे. खांबावर चढणारा माणूस, पण सुई दिसली की तोंड फिरवायचा. मी हसून अक्काला म्हणालो, "बघ, चेष्टा करतायत." अक्काही हसली.

एवढं एकच उत्तर होतं जे मला थांबवू शकलं असतं. ते मी हसण्यावारी नेलं.

मी मुलांना सत्यसारणी, म्हणजे खऱ्या-खोट्याच्या सगळ्या शक्यतांचा तक्ता, शिकवतो. दोन बाबी असल्या तर चार ओळी, आणि चारही तपासल्याशिवाय नियम सिद्ध झाला असं म्हणायचं नाही. एखादा मुलगा फक्त पहिली ओळ तपासून 'जमलं सर' म्हणाला की मी त्याला उभा करतो. माझे सगळे प्रश्न त्या एकाच ओळीतले होते. ज्यांचं उत्तर हो आहे, तेवढेच मी विचारले होते. कारण मला हो ऐकायचं होतं, आणि ते ऐकून मी बेभान झालो होतो.

मग मी खरा प्रश्न विचारला. पायाला हात लावून दाखवलं, कापायची खूण केली, दोन्ही चित्रं समोर धरली. खुर्चीतला माणूस उजव्या हातात होता. अण्णा चित्राकडं बघत राहिले, मग हात उचलला आणि खुर्चीतल्या माणसावर टेकवला. मी त्यांचा हात धरून रडलो. अक्का म्हणाली, "ते म्हणत असतील तर मग माझं काय न्हाय. मी तुझ्या आड येणार न्हाय." सही माझी झाली.

ऑपरेशन झालं आणि अण्णा वाचले. लोक म्हणाले, धाडस केलं. मी म्हणायचो, माझं काही नाही, निर्णय अण्णांचा. हे वाक्य मी इतक्या जणांना ऐकवलं की ते मला वंदनेसारखं पाठ झालं.

शुद्धीवर आल्यावर त्यांचा डावा हात चादरीवर चाचपडत खाली गेला आणि जिथं पाय संपत होता तिथं थांबला. "व्हय?" ते म्हणाले. आजवर तो शब्द त्यांनी प्रश्नासारखा कधी उच्चारला नव्हता. माझ्याकडं बघून पुन्हा म्हणाले, "व्हय?" मी म्हणालो, "हो अण्णा, तुम्हीच तर सांगितलंत."

घरी आणल्यावर अक्का राहायलाच आली. डाव्या हातानं ते स्वतः जेवायला लागले होते. अक्का ताट रीतीनं वाढायची, चटणी-मीठ-लिंबू डावीकडं, भाजी-वरण उजवीकडं, भाकरी पुढ्यात. अण्णा चटणी-भाकरी खायचे आणि भाजी तशीच ठेवायचे. अक्काला त्याचं कौतुक. "शेंगदाण्याची चटणी असली की झालं. भाजीकडं बगत बी न्हाईत. आधीपासून तसंच है त्यांचं." मलाही ते खरं वाटायचं. चटणी त्यांना आवडायचीच.

एकदा दुपारी वरण सांडलं. अक्कानं ताट उचललं, खालची सतरंजी पुसली आणि ताट परत ठेवलं. घाईत ते उलटं ठेवलं गेलं. आता भाजी डावीकडं आली, चटणी उजवीकडं. अण्णांनी वांग्याची भाजी सगळी संपवली. वरण संपवलं. चटणीकडं बोट नेलं नाही.

"आज भाजी लागली वाटतं गोड," अक्का म्हणाली.

मी पलीकडच्या खुर्चीत पेपर तपासत होतो. माझ्या हातातलं पेन थांबलं. उठून जवळ गेलो आणि ताट परत पूर्वीसारखं फिरवलं. अण्णांनी चटणी खाल्ली.

"काय करतोस रं?" अक्का म्हणाली.

मी आतून गुळाचा खडा आणला. दुसऱ्या हातात खिशातला खडू घेतला. अण्णांसमोर बसून दोन्ही तळवे पुढं केले. गूळ उजव्या तळव्यावर. समोरासमोर बसलं की माझा उजवा हात त्यांच्या डावीकडं येतो. अण्णांनी गूळ उचलून तोंडात टाकला. तो संपेपर्यंत मी थांबलो. मग दुसरा खडा आणून अदलाबदल केली, खडू उजव्या तळव्यावर, गूळ डाव्यावर. अण्णांचा हात पुढं आला. त्यांनी खडू उचलला आणि तोंडाकडं नेला. मुलानं पुढं केलं ते खायचंच असणार, इतक्या भरवशानं नेला. मी त्यांचं मनगट धरलं तेव्हा ओठाला पांढरं लागलं होतं.

"येडा झालास का?" अक्कानं खडू हिसकावून घेतला. "अण्णांचं काय खेळणं केलंस का?"

डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, अशा झटक्यात उजवीकडचं दिसेनासं होतं, डोळे चांगले असतात पण त्या बाजूचं जग मेंदूपर्यंत पोचत नाही. माणसाला स्वतःलाही ते कळत नाही. त्याला वाटतं, दिसतंय तेवढंच आहे.

म्हणजे त्या दिवशी अण्णांना एकच चित्र दिसत होतं. त्यांनी काहीही निवडलं नव्हतं. मी त्यांच्यापुढं एक चित्र धरलं आणि त्यांनी त्याला हात लावला. मी माझ्या वडिलांना विचारलं नाही, मी त्यांचा दगड केला आणि स्वतःच्या हातानं उजवीकडं वळवला. हात फक्त एकदा बदलून बघायचे होते. 'नाही' कसं म्हणायचं हे मी दर वर्षी फळ्यावर लिहून दाखवतो: त्याच दोन गोष्टी, उलट्या क्रमानं.

हे मी अक्काला सांगितलं नाही. कित्येक दिवस मी घरात तिच्या नजरेला नजर देत नव्हतो. वर्गात तो भाग पुन्हा आला तेव्हा दुसऱ्या एका प्राध्यापकाला घ्यायला सांगितला, घसा बसलाय म्हणून. आणि अण्णा बरे होते, खुर्चीत बसत होते. उन्हातही बसत होते, शेजारी चहा असायचा. मी स्वतःला म्हणायचो, चित्रात होतं तसं झालं की. पण मग त्यांचा हात मांडीवरून खाली जायचा आणि थांबायचा.

पावसाळा सरता सरता त्यांच्या डाव्या पायाचा अंगठा काळा पडला. या वेळी मी रोज तपासत होतो, तरी पडला. डॉक्टर तेच म्हणाले, आणि पुढं म्हणाले की या वेळी धोका जास्त आहे, पण न काढला तर शंका नाही. उरलेला, चालता पाय. अक्का माझ्याकडं बघून म्हणाली, "इचार त्यांना. मागं इचारलंस तसंच."

मी डॉक्टरांकडं थोडी मुदत मागितली.

लॅम्डामध्ये आणखी एक नियम आहे. एका वेळी एकच गोष्ट देता येते. दोन गोष्टी एकदम समोर मांडता येत नाहीत. पहिली द्यायची, समोरचा ती घेऊन थांबतो, मग दुसरी द्यायची, आणि त्यानंतरच तो काय ठेवतो ते कळतं. मुलांना हा नियम उगाच लांबण वाटतो. मी त्याच नियमानं बसलो, अण्णांच्या डाव्या अंगाला, त्यांना दिसतो अशा जागी. आधी गूळ हातात दिला, मग खडू दिला, आणि माझा रिकामा हात पुढं केला, एक परत द्या म्हणून. पहिल्या दिवशी त्यांना काही उमगलं नाही. दोन्ही परत द्यायचे किंवा दोन्ही मुठीत धरायचे. हळूहळू जमलं. खडू परत, गूळ ठेवायचा. मग आधी खडू, नंतर गूळ. तरीही खडू परत. मग खुणा. सगळ्या ओळी तपासल्या. "मी तुमचा भाऊ आहे?" फुली ठेवली. "सुई पाहिजे?" फुली ठेवली, आणि तोंडही फिरवलं. इतक्या महिन्यांनी माझे वडील मला पहिल्यांदा 'नाही' म्हणाले. मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही, कारण आता विचारण्यावाचून सुटका नव्हती.

चित्रं नव्यानं काढली. एकात दोन्ही पाय नसलेला माणूस खुर्चीत. ऊन नाही, चहा नाही. दुसऱ्यात रिकामा पलंग, आणि वर भिंतीवर हार घातलेली तसबीर. ती तसबीर काढायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. तिच्यात चेहरा काढायचा होता. मी अण्णांची मिशी काढली, म्हणजे चूक होणार नाही.

अंगठा दाखवला, कापायची खूण केली. आधी खुर्ची दिली, मग तसबीर, आणि हात पुढं केला. त्यांनी खुर्ची परत दिली. मी क्रम उलटा केला. आधी तसबीर, मग खुर्ची. त्यांनी खुर्ची परत दिली. तसबिरीचा पुठ्ठा त्यांच्या पोटावर होता आणि त्यावर त्यांचा हात होता.

इथं थांबायला हवं होतं. मी थांबलो नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा विचारलं, वंदनेनंतर, चेहरा प्रसन्न असताना. संध्याकाळी पुन्हा. खुर्चीतल्या माणसाच्या शेजारी मी अक्का काढली, मी काढला, माझी मुलगी काढली. बाहेर ऊन काढलं. मला कळत होतं की मी पुन्हा तेच करतोय, दगडावर हात ठेवून जोर लावतोय, तरी हात निघत नव्हता. शेवटी अण्णांनी तो पुठ्ठा पलंगाखाली टाकला आणि डोळे मिटले. त्यानंतर त्यांच्या हातात चित्र दिलं की ते हात उघडतच नव्हते.

स्वयंपाकघरात अक्का भाकरी थापत होती. परातीवरून मान वर न करता तिनं विचारलं, "काय म्हणले?"

"नको म्हणाले."

तिनं भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं. "नक्की?"

"दोन्ही क्रमांनी विचारलं. नको म्हणाले."

"मग मागल्या येळी कसं व्हय म्हणले? तवा तर एक पाय शिल्लक बी राहणार हुता, म्हणून म्हणले असतील." ती स्वतःशीच बोलत होती, हिशेब जुळवत होती. "व्हय ना?"

मी तेव्हाही 'हो' म्हणू शकलो असतो. तिनं मला वाट काढून दिली होती.

"मागच्या वेळी मी विचारलं नव्हतं अक्का," मी म्हणालो. "मला वाटलं विचारलं. त्यांना उजवीकडचं दिसत नाही. दुसरं चित्र त्यांना दिसलंच नव्हतं."

तव्यावरची भाकरी करपायला लागली. तिनं ती उलटली नाही, मीही उलटली नाही. ताटाचं तिला आपोआप आठवलं असावं, कारण तिनं एकदा मांडणीतल्या ताटांकडं पाहिलं आणि परत तव्याकडं.

"कवापासून ठावं है तुला?"

"उन्हाळ्यापासून."

"आन् त्यांना? तू इचारलंच न्हाईस, हे कळलं असंल का त्यांना?"

तिनं गॅस बंद केला, पदरानं हात पुसले आणि बाहेर अण्णांच्या डाव्या अंगाला जाऊन बसली. त्या दिवशी ती माझ्याशी बोलली नाही. ऑपरेशन नको म्हणून डॉक्टरांना फोन मीच केला.

तिचा प्रश्न मी अण्णांना विचारू शकलो असतो. पद्धत आता पक्की आहे, चित्रं दोनच लागतील. मी पुठ्ठा कापून ठेवला होता. पण एका चित्रात, तुम्हाला कळलं होतं आणि तुम्ही गप्प राहिलात, असं काढायला लागलं असतं. तो पुठ्ठा कोराच आहे.

काळं आता घोट्यावर आलंय. अक्का जखम धुते, मी गोळ्या देतो. आज सकाळी मी डावीकडून गोळी पुढं केली. ती कसली आहे हे अण्णांनी पाहिलं नाही. त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि तोंड उघडलं.